न केलेल्या व्यायामांच्या खुणा

मोलो, इलोइलो
बुधवार, १४ ऑगस्ट

आदरणीय नांग पुरिंग,

धाकट्या भावाने तुझा हात धरून कपाळाला लावला असं समजून घे. (समोर असतीस तरी माझा हात कपाळापर्यंत नीट जात नसल्यामुळे कपाळच खाली आणावं लागलं असतं. त्यामुळे माझा नमस्कार हल्ली पूर्वीपेक्षा जास्त नम्र दिसतो. पाद्रीबाबांनी परवा तसं बोलूनही दाखवलं.) तुझा गुडघा कसा आहे? टाके निघाले का? सूज उतरली का? मानोंग तासिओ भावोजींचा खोकला काय म्हणतो? कोंबड्या अंडी देतात की अजून रुसलेल्याच आहेत? या सगळ्यांची चौकशी मी मनापासून करतो आहे, आणि उत्तर लिहिताना तू कोंबड्यांपासून सुरुवात केलीस तरी मला राग येणार नाही. इकडे तुझी भावजय सेल्सा खुशाल आहे. दुकान चालू आहे. मी कसा आहे ते खाली येईलच.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर, नांग, तू मला बोलू देत नाहीस. मी बासष्ट वर्षांचा झालो, तरी मी तोंड उघडलं की वाक्य तू पुरं करतेस, आणि तू पुरं केलेलं वाक्य माझ्यापेक्षा नेहमी चांगलं असतं, म्हणून मला जे सांगायचं होतं ते राहूनच जातं. या वेळी वाक्य मलाच पुरं करायचं आहे. तुझी लेक मेर्ली परवा सेल्साला म्हणाली की सोमवारपासून तुझी फिजिओथेरपी सुरू होते आहे, आणि तू घरात जाहीर केलं आहेस की त्या पोरींचं एक ते दहा मोजणं म्हणजे बालवाडी आहे, चार गोड गोष्टी सांगून त्यांना कसं गुंडाळायचं ते तुला बरोबर कळतं. हे ऐकून सेल्सा माझ्याकडे बघायला लागली आणि मी पंख्याकडे बघायला लागलो. कारण ते वाक्य, नांग, शब्दाला शब्द माझं आहे. मार्चमध्ये मी ते याच घरात, याच खुर्चीत बसून म्हटलं होतं. पुढे त्याचं काय झालं ते तुला सविस्तर सांगतो. मध्ये थांबवू नकोस (पत्रात तुला थांबवता येत नाही, हाच तर मुद्दा).

हात मोडला कसा, हे तुला तीन जणांनी तीन प्रकारे सांगितलं असेल. त्यातले दोन प्रकार मीच पसरवलेले आहेत. जीपनी गाडीने धक्का दिल्याचा प्रकार गिऱ्हाइकांसाठी, आणि एका म्हातारीला वाचवायला गेल्याचा प्रकार चर्चमधल्या मंडळींसाठी. खरं असं की जानेवारीत वस्तीच्या जत्रेत तेल लावलेल्या बांबूवर चढायची शर्यत होती. मी शर्यतीत नव्हतो. पण पोरं गुडघे चुकीचे लावत होती आणि ते मला बघवेना. सोळा वर्षांचा असताना मी टोकापर्यंत पोचलो होतो, हे तुला आठवत असेलच (तू खाली उभी राहून ‘पडणार, पडणार’ म्हणत होतीस). म्हणून मी नुसतं दाखवायला पुढे झालो. कमरेइतका उंच गेलो, आणि तिथून जो उतरलो तो थेट उजव्या खांद्यावर. एवढ्याशा उंचीवरून पडून दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलं, याचं डॉक्टरांनाही नवल वाटलं. ऑपरेशन लागलं नाही. पाच आठवडे हात झोळीत राहिला. झोळी काढली तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण खांदा गंज चढलेल्या कडीसारखा झाला होता. आता हा हलता करायचा, असं म्हणून त्यांनी मला सरकारी इस्पितळाच्या तळमजल्यावर, फिजिओथेरपी विभागात पाठवलं.

तिथे मला जोराबेल मिळाली. वय असेल पंचवीस, उंची माझ्या न्हाव्याच्या खुर्चीच्या पाठीएवढी, आणि पहिलीच नोकरी. मला पहिल्या दिवसापासून ‘तातय’ म्हणायला लागली. आम्हाला मूल नाही, त्यामुळे कुणी बाप म्हणून हाक मारली की मी जरा जास्तच पाघळतो. पण पाघळणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. तिने फॉर्म काढला. धंदा काय, म्हणून विचारलं. मी सांगितलं, कलाकार. तिने ते लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून तिने विचारलं, की तातय, या हाताने तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवंय? आता हा प्रश्न, नांग, सगळ्यांत महत्त्वाचा असतो. पुढचे सगळे व्यायाम त्यावरून ठरतात. मी म्हणालो, यंदाच्या सौंदर्यराणीबरोबर नाचायचंय. शेजारच्या बाकावरचे दोन लकव्याचे पेशंटसुद्धा हसले. मला फार बरं वाटलं. जोराबेलही हसली आणि तिने लिहिलं : नाचणे. त्यामुळे पहिले पाच आठवडे त्या बिचारीने माझा हात बाजूला पसरता यावा, कुणाच्या कमरेपर्यंत नेता यावा, यासाठी जिवाचं रान केलं. उंच माणसाच्या टाळूवरचे केस कापायला हात खांद्याच्या वर नेऊन वीस मिनिटं तिथेच ठेवावा लागतो, हे तिला कळणार कसं? मी न्हावी आहे हेच तिला एप्रिलमध्ये कळलं, तेही माझ्या एका गिऱ्हाइकाकडून. तो आपल्या आईला घेऊन तिथे आला होता. माझा हात तेव्हा त्याच्या कानाच्या वर जात नव्हता, त्यामुळे खालून त्याची हजामत अगदी नवरदेवासारखी होती आणि वर केसांचं जंगल तसंच होतं. जोराबेलने त्याच्या डोक्याकडे बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि फॉर्ममधलं ‘नाचणे’ खोडलं.

दुसरी गोष्ट दुखण्याची. त्या लोकांची पद्धत अशी की शून्य ते दहा यांत किती दुखतं ते सांगायचं. मी जन्मात कधी बाईमाणसासमोर दुखतं असं म्हटलेलं नाही, त्यामुळे मी सांगायचो, अर्धा. कपाळावरून घाम चाललेला आणि तोंडाने अर्धा. अर्धा म्हटल्यावर ती हात आणखी वर न्यायची, तिचंही बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी मात्र घरी मला कप उचलवत नसे, आणि मग तो दिवस मी विश्रांतीचा धरत असे. पुढे पुढे तिने माझ्या तोंडाकडे बघणंच सोडलं. ती माझ्या पायाच्या बोटांकडे बघायची. बोटं आत वळली की ती थांबायची. म्हणजे माझ्या पायाची बोटं माझ्यापेक्षा खरं बोलतात, हे त्या मुलीने दुसऱ्याच आठवड्यात ओळखलं होतं.

आता मुख्य गोष्ट. घरी करायच्या व्यायामांचा एक तक्ता देतात. वाकून हात लोंबता सोडायचा आणि हळूहळू फिरवायचा, भिंतीवर बोटांनी कोळ्यासारखं वर चढायचं, दोन्ही हातांत काठी धरून ती डोक्याकडे न्यायची. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीनदा. केलं की त्या त्या चौकोनात खूण करायची. तक्ता भिंतीला लावायचा असतो. मी तो पाकिटात ठेवला. इस्पितळात जायच्या दिवशी जीपनीत बसलो की तो काढायचा आणि राहिलेल्या सगळ्या खुणा एकदम करायच्या. रस्ता खराब असल्यामुळे खुणा हलायच्या, पण त्याने उलट त्या वेगवेगळ्या वेळी केल्यासारख्या दिसायच्या. तक्त्यावर एक ते एकतीस छापलेलं असतं. मी एप्रिलच्या एकतीस तारखेलाही तिन्ही वेळा व्यायाम केला. जोराबेलने तो चौकोन बघितला आणि शांतपणे विचारलं, की तातय, एप्रिलला एकतीस असतात का? मी म्हणालो, मी जरा जास्तच केले. ती हसली. त्या हसण्याला मी परवानगी समजलो, नांग. बाहेर अकरा माणसं खोळंबलेली असताना एखादी मुलगी दुसरं काय करणार, हे मला आत्ता कळतं.

आणि तिथेही मी व्यायाम किती करत होतो? चाळीस मिनिटांची वेळ मिळायची. जाताना मी पानात बांधलेला चिकट भात घेऊन जायचो, गरम. तो वाटण्यात दहा मिनिटं जायची. मग एखादी गोष्ट सांगायचो, ती बांबूची म्हण, तू लहानपणी डुक्कर हरवलंस ती म्हण (क्षमा कर), की आणखी पंधरा गेली. घरी येऊन मी सेल्साला सांगायचो की आज मी त्या मुलीला कसं रमवलं. सेल्सा विचारायची, खांदा किती वर गेला? मी म्हणायचो, तू बाकी फार रुक्ष आहेस.

एप्रिल संपला तरी हात जिथे होता तिथेच होता. जोराबेल प्लॅस्टिकचं कोनमापक लावून दर आठवड्याला मोजायची. पहिल्या दिवशी सत्तर अंश होता, सातव्या आठवड्यात पंचाऐंशी. तक्त्यावर इतक्या खुणा आणि खांदा एवढासाच, हे गणित तिला सुटेना. ती माझ्यावर नाही, स्वतःवर संशय घ्यायला लागली. पुस्तकं बघायची, वरिष्ठांना विचारायची, माझ्यासाठी नवीन पट्टा आणला. आणि मी काय केलं? मी शेजारीपाजारी सांगायला लागलो की मुलगी गुणी आहे पण हातात अजून जोर नाही.

त्या सांगण्यातूनच कुणीतरी मला ओतोन गावच्या मानोंग इस्मोचं नाव दिलं. हाडं बसवणारा जुना माणूस, तीन पिढ्यांचं काम. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, की हाड मोडलं होतं का, कारण मोडलेल्या हाडाला मी हात लावत नाही. मी म्हणालो, नाही, नुसती लचक आहे. (त्याच्याशीही खोटं बोलायची मला काय गरज होती? पण एव्हाना सवयच लागली होती.) त्याने आल्याचं तेल गरम केलं, खांद्याला चोळलं, हात धरला, देवाचं नाव घेतलं आणि ओढला. आवाज आला. खांद्यातून आधी आला की माझ्या तोंडून आधी आला, ते मला सांगता येणार नाही. घरी येईपर्यंत खांदा सुजून पपईएवढा झाला.

हे शनिवारी. सोमवारी मी इस्पितळात गेलो, तक्त्यावर सगळ्या खुणा व्यवस्थित केलेल्या. जोराबेलने खांद्याला हात लावला आणि तिचा चेहराच उतरला. तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. तिने पुन्हा विचारलं, कुणी ओढला का? मी म्हटलं, कोण ओढणार? तू सांगितलंस तेच केलं. तिने बर्फ लावला, व्यायाम थांबवला आणि मला डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रे निघाला. हाड शाबूत होतं, पण आतले धागे चांगलेच ताणले गेले होते. डॉक्टर चिडले. जुळत आलेल्या हाडावर एवढा जोर लावला कुणी, असं त्यांनी विभागाच्या प्रमुखांना, सर ओक्ताव्हियोंना, विचारलं. सर ओक्ताव्हियोंनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर टेबलावर माझा तक्ता पसरलेला होता. सर्व चौकोन भरलेले.

त्यांनी मला अगदी सौम्यपणे विचारलं, की सांगितल्यापेक्षा वेगळं काही तुम्ही घरी केलंत का? बाहेर कुणाकडे गेला होतात का? जोराबेल माझ्या डाव्या बाजूला उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, तक्त्याकडे बघत होती. नांग, एक शब्द सांगायचा होता. ओतोन. पण बांबू, म्हातारी, अर्धा, एकतीस एप्रिल, लचक, हे सगळंच त्याच्या मागोमाग बाहेर येणार असं मला वाटलं, आणि मी म्हणालो, "नाही सर. मॅडमनी सांगितलं तेवढंच. एकही जास्त नाही." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण शांतता पसरली की मला बोलावंसं वाटतं. तिची बाजू घ्यावी म्हणून मी पुढे म्हणालो, "मुलगी फार मन लावून ओढते, सर."

मी ते कौतुकाने म्हटलं होतं. सर ओक्ताव्हियोंनी ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मला सर रोके मिळाले. दारातून तिरके होऊन आत येतात एवढा मोठा माणूस, आणि बोलणं महिन्यातून तीन वाक्यं. चिकट भात त्यांनी नाकारला. गोष्ट सुरू केली तर ते भिंतीकडे बोट दाखवत. आणि जोराबेल? चौकशी संपेपर्यंत तिला पेशंटना हात लावायचा नव्हता. तिला फाइलींच्या खोलीत बसवलं होतं. त्या खोलीला काच आहे, आणि मी भिंतीवर बोटांनी वर चढताना तोंड त्या काचेकडेच येत असे. ती जुन्या फाइलींवर चिकटपट्ट्या लावत असायची. मी दिसलो की मान हलवायची. चेष्टेने नाही, रागाने नाही, नेहमीसारखी. मला वाटतं त्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा मन लावून व्यायाम केले. भिंतीवर जितका वर चढेन तितकी ती काच कमी दिसायची, हे एक कारण होतं.

दुकानात माझं लक्ष लागेना. एका शिक्षकाच्या दोन कानांवरचे कल्ले वेगवेगळ्या लांबीचे झाले. तो भला माणूस, काही बोलला नाही. न बोलणाऱ्या माणसांनी त्या दिवसांत मला फार छळलं. शेवटी मे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी मी उठलो, सर ओक्ताव्हियोंच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. ओतोन, तेल, तक्ता, जीपनी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. ते ओरडतील अशी माझी तयारी होती; ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फाइल काढली, माझ्याकडून लिहून घेतलं, सही घेतली (सही उजव्या हाताने, टेबलाच्या उंचीवर, ते जमतं), आणि एवढंच म्हणाले, की हे तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतंत तर त्या मुलीने बदलीचा अर्ज दिला नसता.

अर्ज मंजूर झाला होता. शुक्रवारी ती जाणार होती. शुक्रवारी मी गेलो तेव्हा ती टेबलाचा खण रिकामा करत होती. एक कप, इस्पितळात घालायच्या चपला, ते प्लॅस्टिकचं कोनमापक. ते तिचं स्वतःचं होतं हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "जोराबेल, चूक माझी होती."

"माहीत आहे, तातय."

"कधीपासून?"

"त्या सोमवारपासून. तुमच्या खांद्याला आल्याच्या तेलाचा वास येत होता."

मला बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर तिची पिशवी होती. मी विचारलं, की मग तू बोलली का नाहीस? ती कप कागदात गुंडाळत म्हणाली, "मी विचारलं ना तुम्हाला. दोनदा विचारलं. पेशंट नाही म्हणाला तर मी काय लिहू? वास येतो, असं लिहू? मला वाटलं, एक-दोन दिवसांत तुम्हीच सांगाल. तेवढे दिवस काढू."

एक-दोन दिवसांचे बावीस झाले होते. मी विचारलं, माझ्यामुळे चालली आहेस का? ती म्हणाली, नाही, तिकडे जागा रिकामी होती, डोंगरापलीकडची हवा चांगली आहे. नांग, मी आयुष्यभर थापा मारत आलेला माणूस आहे, दुसऱ्याची थाप मला लगेच कळते, आणि तिला ते काम येत नाही. मग तिने पिशवीचा बंद ओढला आणि म्हणाली, "हात वर करा बघू." मी केला. कोनमापक पिशवीत गेलं होतं, म्हणून तिने नुसत्या नजरेने मोजलं. म्हणाली, एकशे पाच, चांगलं आहे, पण पाठ मागे टाकताय, भिंतीला टेकून करा. आणि रविवारीही करा, रविवारी खांद्याला सुट्टी नसते. एवढं बोलून ती गेली.

आज माझा हात एकशे वीसपर्यंत जातो. उंच गिऱ्हाइकांना मी खुर्चीत खाली सरकून बसायला सांगतो. काहींनी न्हावी बदलला. सर रोकेंना मी विचारलं, की मार्च-एप्रिल वाया घालवले नसते तर कुठवर गेला असता? त्यांनी त्या महिन्यातलं एक वाक्य खर्च करून सांगितलं, की बहुतेक पूर्ण. हाड जुळल्यावरचे पहिले महिनेच सांध्याचे असतात. ते मी चिकट भात वाटण्यात घालवले, आणि ते आता कुणाकडे मागून मिळत नाहीत.

म्हणून सांगतो. तुझा गुडघाही आत्ता त्याच महिन्यांत आहे. पहिल्या दिवशी विचारतील की काय करता यायला हवंय, तेव्हा विनोद करू नकोस. सांग की माझ्या घराला बांबूच्या सात पायऱ्या आहेत आणि कोंबड्यांचं खुराडं खाली आहे. मेर्ली म्हणाली तू प्रार्थनेला गुडघे टेकायचं मनात धरून आहेस, तेही सांग. होणार नसेल तर ते तसं सांगतील. जेवढं दुखतं तेवढंच दुखतं म्हण. ठणकत असेल तर ठणकतं म्हण, नुसतं ताणतं तर ताणतं म्हण, त्यांना त्यातून फार काही कळतं. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली असेल तर ती कधी घ्यायची ते विचारून आधीच घेऊन जा, शूरपणा दाखवायला घरी तासिओ आहेत. सैल पायजमा घालून जा, पोलक्यात चिठ्ठी ठेव आणि विचारायचं ते त्यावर लिहून ने, नाहीतर तिथे तू त्यांनाच सल्ले देत बसशील. गावातल्या कुणाला गुडघा दाखवायचाच असेल तर आधी तिथे सांगून मग दाखव. आणि ज्या दिवशी व्यायाम केले नसतील त्या दिवशीचा चौकोन रिकामा ठेव. रिकामा चौकोन बघून ते रागावत नाहीत. त्यांना त्यावरून पुढचं ठरवता येतं. भरलेल्या चौकोनावरून मात्र ते स्वतःला दोष देतात.

मानोंग तासिओंच्याही हाताला माझं कपाळ. मेर्लीला आशीर्वाद. तुझा गुडघा, तुमचं छप्पर आणि कोंबड्या यांना देव सांभाळो, आणि तुला माझं पत्र शेवटपर्यंत वाचायचा धीर देवो.

तुझा,
एलिसेओ

ता. क. सेल्साने पत्र वाचलं. ती म्हणते, ‘मी उठलो आणि खोलीत गेलो’ हे दुरुस्त केल्याशिवाय पाकीट चिकटवायचं नाही. तर खरं असं : दुकानात केसांच्या तेलाच्या बाटल्यांमागे तिला मानोंग इस्मोने दिलेली आल्याच्या तेलाची बाटली सापडली. तिने मला कॉलरला धरून नेलं (डाव्या बाजूने, उजव्या बाजूने मी ओरडलो असतो). सर ओक्ताव्हियोंच्या खोलीत बोलली ती. मी दाराशी उभा होतो आणि दर वाक्यानंतर ‘हो’ म्हणत होतो. एकूण नऊ वेळा. सही मात्र मीच केली. जोराबेलशी शुक्रवारी बोलायला एकटा गेलो, तेही खरं आहे. सेल्सा बाहेर जीपनीच्या थांब्यापर्यंतच आली होती.

ता. क. २. सेल्सा भाजी आणायला गेली आहे, तेवढ्यात हे लिहितो. तुझ्या ऑपरेशनला मी आलो नाही, त्याचं कारण बसचा प्रवास नव्हता, दुकानही नव्हतं. जोराबेलची बदली तुमच्याच इस्पितळात झाली आहे. मेर्लीने सोमवारच्या बाईचं नाव सांगितलं, ते तिचंच आहे. तुझं सासरचं आडनाव वेगळं आहे, त्यामुळे तिला काही कळणार नाही. माझी विनंती एवढीच, की गुडघा काटकोनापलीकडे वाकेपर्यंत तू माझी बहीण आहेस हे तिला सांगू नकोस. तोवर तिला तुझ्यावर भरवसा ठेवू दे. वाकला की सांग. मग ती काय म्हणाली ते मला कळव. काहीच म्हणाली नाही तर काहीच म्हणाली नाही असंच लिही, माझ्या समाधानासाठी त्यात काही भरू नकोस.